जुन्या स्ट्रॅटोकास्टरची पारख

प्रश्न : घरातील फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या मागील पट्टीवर ‘एल’ने सुरू होणारा क्रमांक आहे. ती खरोखर जुनी आहे का, आणि तडकलेला रंग नव्याने द्यावा का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे पोकळ पेटीऐवजी भरीव लाकडी अंगाची विद्युत गिटार, 1954 मध्ये बाजारात आली, जानेवारी 1965 मध्ये सीबीएस कंपनीने फेंडर विकत घेतली, आणि त्यापूर्वीच्या वाद्यांना संग्राहक अधिक मोल देतात. ‘एल’ क्रमांक साधारण 1962 अखेर ते 1965 या काळाकडे बोट दाखवतो. मात्र पट्टी चार स्क्रूंनी बसवलेली असल्याने ती सहज बदलता येते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबणे भाबडेपणाचे ठरेल. खरी साक्ष आत असते. मान सोडवल्यास तिच्या टोकावर ‘2 मे 63 बी’ अशा धर्तीचा इंग्रजी शिक्का आढळतो, ज्यात 2 हा नमुन्याचा आणि ‘बी’ हा मानेच्या रुंदीचा संकेत असतो. तसेच आवाज कमीजास्त करणाऱ्या पॉटवरील 304 6320 यासारखा आकडा निर्माता, वर्ष 1963 आणि विसावा आठवडा सांगतो. दोन्ही तारखा जुळाव्यात आणि डाग, अर्थात सोल्डर, मूळचा असावा.

रंग मुळीच देऊ नये. जुने नायट्रोसेल्युलोज लॅकर तापमानाच्या चढउताराने तडकते, आणि जळगाव-धुळ्याच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात ते अधिकच संभवते. पण तो तडा बनावट करणे अवघड, तर नव्या रंगाने किंमत निम्म्याच्या आसपास उतरू शकते. वाद्य मूळ पेटीतच, उन्हाने तापणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवावे.