गेम पार्लरला कुलूप, पण मुलांच्या प्रकृतीचे काय?

डोळे चुरचुरणे, डोके दुखणे, रात्री उशिरापर्यंत झोप न येणे, चिडचिड अशा तक्रारी घेऊन पालक मुलांना दवाखान्यात आणतात, तेव्हा मी एक प्रश्न हमखास विचारतो. मूल दिवसातून किती वेळ मोबाईलवर गेम खेळते? बहुतेक पालकांचे उत्तर असते, ‘थोडा वेळ.’ मी त्यांना आठ दिवस हा वेळ वहीत लिहून आणावयास सांगतो. तो ‘थोडा वेळ’ पुष्कळदा तीन ते चार तास भरतो.

यातील अनेक वडील लहानपणी बसस्थानकाजवळच्या किंवा टॉकीजजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ खेळलेले असतात. ‘डॉक्टरसाहेब, आम्हीही खेळलो. आम्हाला काय झाले?’ असे ते विचारतात. हा प्रश्न रास्त आहे. आज त्याचेच उत्तर पाहू.

पार्लरचा काळ

जपानमधील ताइतो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ १९७८ साली आला आणि नाणे टाकून खेळण्याची यंत्रे जगभर पसरली. १९८० साली ‘पॅकमॅन’ आला. आपल्याकडील लहान शहरांत हे वेड १९९० नंतर बहरले. १९९१ चा ‘स्ट्रीट फायटर २’ आणि १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ हे खेळ तेव्हाच्या मुलांना तोंडपाठ होते. दुसऱ्या खेळाचे खरे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. त्यातील मुस्तफा या पात्रामुळे तो ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला गेला.

पार्लर ही काही आदर्श जागा नव्हती. कोंदट खोली, अपुरा उजेड, सिगारेटचा धूर, शाळा बुडवून आलेली मुले असे तेथील चित्र असे. काही ठिकाणी खेळाच्या नावाखाली पैसे लावले जात आणि पोलिसांचे छापे पडत. खेळामुळे होणारा शारीरिक त्रासही डॉक्टरांना तेव्हापासून माहीत आहे. १९८१ साली एका प्रसिद्ध अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ‘स्पेस इन्व्हेडर्सचे मनगट’ या नावाने मनगटाच्या दुखण्याची नोंद छापून आली होती.

तथापि पार्लरमधील खेळाला काही मर्यादा आपोआप पडत. त्या कोणी आरोग्याचा विचार करून घातलेल्या नव्हत्या, परंतु त्यांचा उपयोग होत असे. खिशातील नाणी संपली की खेळ संपे. मागे दुसरा मुलगा आपल्या पाळीची वाट पाहत उभा असे. खेळताना बहुधा उभे राहावे लागे आणि पडदा हातभर दूर असे. तेथे जाण्यासाठी चालावे किंवा सायकल मारावी लागे. मालक व येणारेजाणारे ओळखीचे असत, त्यामुळे बातमी घरी पोचण्याची भीती असे. शिवाय रात्री शटर खाली येई. ‘आम्हाला काय झाले?’ या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी यात आहे.

मार्च २०२० नंतर

महामारीपूर्वीच पार्लरचा धंदा उतरणीला लागला होता. आधी घरच्या टीव्हीला जोडायचे कॅसेटचे गेम आले, नंतर सायबर कॅफे आले. २०१६ पासून मोबाईलचे इंटरनेट स्वस्त झाले. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे जे कुलूप लागले, तो शेवटचा घाव ठरला. बंद खोली, गर्दी आणि जवळचा संपर्क या तिन्ही गोष्टी कोरोनाच्या प्रसाराला पोषक असतात. पार्लरमध्ये तिन्ही एकत्र येत, त्यामुळे ती बंद ठेवणे वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होते. परंतु भाडे आणि विजेचे बिल थकले की लहान दुकानदाराला पुन्हा उभे राहणे कठीण जाते.

मोठ्या कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. जपानमधील सेगा कंपनीने २०२० च्या अखेरीस आपल्या गेम सेंटरच्या व्यवसायाचा मोठा हिस्सा विकला आणि जानेवारी २०२२ मध्ये उरलेला हिस्साही विकून त्यातून ती बाहेर पडली.

पार्लर बंद पडली तरी खेळ थांबला नाही. शाळा बंद असल्याने अभ्यासासाठी मोबाईल मुलाच्या हातात आला आणि अभ्यास संपल्यावरही तो हातातच राहिला. मार्च २०२० मध्ये गेम कंपन्यांनी ‘घरी राहा, वेगवेगळे राहून एकत्र खेळा’ अशी मोहीम काढली होती व जागतिक आरोग्य संघटनेनेही तिला पाठिंबा दिला होता. त्या काळापुरता तो सल्ला बरोबर होता. पुढे शाळा उघडल्या, बाजार उघडले, पण मुलांचा खेळ घरातच राहिला. पार्लरच्या मर्यादा मात्र त्याच्याबरोबर घरी आल्या नाहीत. मोबाईलवर नाणे संपत नाही, मागे कोणी उभे नसते आणि शटरही पडत नाही.

शरीरावर होणारे परिणाम

डोळे : पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या मिटण्याचे प्रमाण बरेच कमी होते. त्यामुळे डोळे कोरडे पडतात, लाल होतात, चुरचुरतात. याहून मोठा प्रश्न मायनस नंबरचा, म्हणजे लांबचे अंधुक दिसण्याचा आहे. चीनच्या शांतुंग प्रांतातील फेइचंग शहरात १ लाख २३ हजारांवर शाळकरी मुलांची नेत्रतपासणी झाली. २०१५ ते २०१९ या काळात सहा वर्षांच्या मुलांत हा दोष कोणत्याही वर्षी ५.७ टक्क्यांच्या वर गेला नव्हता. घरात कोंडून राहिल्यानंतर २०२० मध्ये तो २१.५ टक्क्यांवर गेला. जवळचे पाहणे वाढणे आणि उघड्यावरचा उजेड न मिळणे ही दोन्ही कारणे त्यामागे असावीत असे तज्ज्ञ मानतात.

यावरचा उपाय स्वस्त आहे. चीनमधीलच ग्वांगचौ शहरात काही शाळांनी मुलांना रोज ४० मिनिटे जास्त वेळ मैदानावर नेले. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना नव्याने मायनस नंबर लागला होता. इतर शाळांत हेच प्रमाण ३९.५ टक्के होते. आपल्याकडे उन्हाची वानवा नाही. फक्त परभणीचे एप्रिल-मेचे ऊन लक्षात घेऊन मुलांना सकाळी नऊच्या आत आणि सायंकाळी पाचनंतर बाहेर पाठवावे. झाडाच्या सावलीतला उजेडही घरातील दिव्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो.

झोप : सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते. रात्रीच्या खेळाने मन उत्तेजित राहते आणि पडद्याचा उजेड झोप लांबवतो. असे मूल सकाळी वर्गात पेंगते, मग त्याच्यावर ‘आळशी’ असा शिक्का बसतो.

मान, मनगट, अंगठा : मान खाली घालून तासन्‌तास बसल्याने मान व खांदे दुखतात. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले आणि मूठ आवळताना कळ आली तर स्नायूबंधाला सूज आलेली असू शकते. नुसता बाम चोळत बसू नये, अंगठ्याला विश्रांती द्यावी.

फिट : काही थोड्या मुलांना वेगाने लुकलुकणाऱ्या उजेडाने फिट येऊ शकते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये टीव्हीवरील ‘पोकेमॉन’चा एक भाग पाहताना लाल-निळा उजेड लखलखला आणि सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. घरात कोणाला फिटचा आजार असल्यास अंधारात गेम खेळू देऊ नये आणि डॉक्टरांना तसे सांगून ठेवावे.

वजन : जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी दमछाक होईल अशी हालचाल केली पाहिजे. बसून खेळणे आणि सोबत कुरकुरे खाणे या जोडीने वजन वाढते.

सवय की आजार?

गेम खेळणारे प्रत्येक मूल व्यसनी नसते, हे मी आवर्जून सांगतो. खेळाने नजर आणि हात यांचा मेळ सुधारतो. २००७ साली अमेरिकेत ३३ शल्यचिकित्सकांची पाहणी झाली. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक गेम खेळलेल्यांच्या चुका दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी आढळल्या. तेव्हा खेळ सरसकट वाईट नाही. अति तेथे माती, हे मात्र इथेही खरे.

आजार केव्हा म्हणावा? जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग विकारा’ची नोंद आहे. त्याची तीन लक्षणे दिली आहेत :

१) खेळावर ताबा राहत नाही. किती वेळ खेळावे, केव्हा थांबावे हे मुलाच्या हाती राहत नाही.

२) जेवण, अभ्यास, मित्र, इतर आवडी यांच्यापेक्षा गेम महत्त्वाचा होतो.

३) नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहतो किंवा वाढतो.

ही लक्षणे साधारणपणे बारा महिने टिकली आणि शाळा व घर यांवर परिणाम झाला तर हे निदान केले जाते. परीक्षेनंतर आठ दिवस मनसोक्त खेळणाऱ्या मुलाला रोगी ठरवू नये. उलट, मोबाईल काढून घेताच मूल वस्तू फेकते, खोटे बोलते, घरातून किंवा वडिलांच्या खात्यातून पैसे उचलते असे दिसले, तर वर्षभर थांबूही नये. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञाला दाखवावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तर २०१४ पासून अशा सवयींसाठी स्वतंत्र उपचार केंद्र आहे. मारझोडीने हा आजार बरा होत नाही.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमबद्दल वेगळे सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा गेमवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. लाजेने गप्प राहू नये.

पार्लर पुन्हा उघडावीत काय?

महानगरांत मॉलमधील गेम झोन पुन्हा सुरू झाले आहेत. लहान शहरांतही ताशी भाड्याने खेळायच्या खोल्या निघू लागल्या आहेत. आपल्या गावात असे केंद्र निघाले तर पालकांनी घाबरून विरोध करावा असे मला वाटत नाही. चार मित्रांसोबत, ठरलेल्या वेळेत, घराबाहेर खेळलेला एक तास हा पांघरुणात एकट्याने खेळलेल्या चार तासांपेक्षा केव्हाही बरा. मात्र मालकांनी पुढील गोष्टी पाळाव्यात आणि पालकांनी स्वतः जाऊन त्या पाहाव्यात :

१) हवा खेळती हवी. खिडक्या उघड्या व एक्झॉस्ट पंखा चालू असावा. नुसता एसी लावून दारे बंद ठेवू नयेत.

२) खोलीत पुरेसा उजेड असावा.

३) शाळेच्या वेळेत व रात्री आठनंतर मुलांना प्रवेश नसावा.

४) तासाभरानंतर सक्तीची सुटी असावी.

५) हाताळायची उपकरणे दर खेळानंतर पुसावीत व हात धुण्याची सोय असावी.

६) धूम्रपान, गुटखा आणि पैशांची पैज यांना मज्जाव असावा.

७) अंग हलविणारे खेळ ठेवावेत. पावलांनी तालावर खेळायचे नाचाचे यंत्र १९९८ साली जपानमध्ये आले. २००६ साली अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याने मुलांचे वाढते वजन पाहून ते शाळांत आणण्याची योजना आखली. यंत्र परवडत नसेल तर टेबल टेनिसचे एक टेबलही चालेल.

घरी पाळावयाचे नियम

जे केंद्राला सांगितले तेच घराला लागू आहे. पार्लरच्या जुन्या मर्यादा आता पालकांनी घालावयाच्या आहेत.

नाणे : शाळेच्या दिवशी खेळासाठी एक तासाहून अधिक वेळ देऊ नये. दोन वर्षांखालील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात सर्व मिळून एक तासाची मर्यादा ठेवावी.

विश्रांती : दर २० मिनिटांनी, २० फुटांवरील वस्तूकडे, २० सेकंद पाहावे.

शटर : झोपण्यापूर्वी एक तास सर्वांचे मोबाईल एका ठिकाणी चार्जिंगला ठेवावेत. ‘सर्वांचे’ यात आईवडील आले.

ओळखीची नजर : गेम बैठकीच्या खोलीत खेळावा, दार लावून नाही. शक्यतो मोठ्या पडद्यावर, दुरून खेळावा.

पाळी : भावंडांनी किंवा मित्रांनी पाळीपाळीने खेळावे. वाट पाहण्याची सवयही लागते.

मोबाईल काढून घेतला तर त्या जागी काही दिले पाहिजे, हे विसरू नये. कृषी विद्यापीठाच्या परिसरात सायकल चालविणे, राजगोपालाचारी उद्यानात संध्याकाळी फेरी मारणे, गावातील शाळेच्या मैदानावर कबड्डी-खोखो खेळणे यांना फारसा खर्च येत नाही. फेब्रुवारीत तुराबुल हक यांच्या उरुसाला मुलांना हात धरून न्यावे. तेथे ती तासन्‌तास चालतात आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकताच झोपी जातात.

सुरुवात म्हणून येत्या आठवड्यात प्रत्येक पालकाने एकच काम करावे. मुलाचा आणि स्वतःचा पडद्यासमोरचा वेळ रोज वहीत लिहावा. आठ दिवसांनी दोन्ही आकडे शेजारी मांडून मुलासोबत बसून पाहावेत आणि पुढील आठवड्याची मर्यादा दोघांनी मिळून ठरवावी. मुलाने स्वतः मान्य केलेला नियम जास्त दिवस टिकतो, असा माझा अनुभव आहे.