शिदोरीचा वास

मचाणाला बारा पायऱ्यांची शिडी होती आणि खालून पाचव्या पायरीला मी खाण्याची पिशवी बांधली होती. वर तिघांना बसायला जेमतेम जागा. त्यात पाण्याचे कॅन, दुर्बीण, सतरंजी आणि लाकडातून निघणाऱ्या मुंग्या. पिशवी खाली टांगली की मुंग्यांचा त्रास होणार नाही, एवढाच विचार मी केला. पिशवीत काय काय होतं ते आजही मला तोंडपाठ आहे: गुळाच्या दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, चिवडा, कैरीच्या लोणच्याची काचेची बाटली आणि येताना परतवाड्याला घेतलेले दीड किलो पिकलेले गावरान आंबे.

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याकाठी मचाणावर बसून प्राणी मोजायचे, हा विदर्भातल्या जंगलप्रेमींचा वर्षानुवर्षांचा नेम. अलीकडे त्याला ‘निसर्गानुभव’ म्हणतात. मे महिन्यात ओढे आटलेले असतात, उरल्यासुरल्या पाण्यावर सगळ्यांना यावंच लागतं आणि चांदणं असं की टॉर्चची गरज पडत नाही. २०१६ साली ही पौर्णिमा २१ मेला, शनिवारी आली होती. नागपूरहून अमरावती, परतवाडा करत मी मेळघाटात पोचलो. एकोणीस वर्षांच्या भाच्याला त्या वर्षी पहिल्यांदाच सोबत नेलं होतं. बहिणीने निघताना सांगितलं होतं, ‘दादा, त्याला एकट्याला खाली उतरू देऊ नको.’ आमच्याबरोबर पन्नाशीचे एक कोरकू वनमजूर होते. मचाणावर चढण्याआधी त्यांनी पिशवीकडे पाहिलं होतं. ‘साहेब, हे वर घ्या, नाही तर गाडीत ठेवा,’ असं एकदा म्हणालेही. गाडी लांब उभी होती. मी ‘राहू द्या’ म्हटलं. पाहुण्याला दुसऱ्यांदा सांगायची त्यांची रीत नव्हती.

संध्याकाळी आम्ही वरच चार आंबे चोखले. साली आणि कोयी पॉलिथिनच्या पिशवीत भरून तिला गाठ मारली आणि मचाणाच्या कोपऱ्यात ठेवली. हात पाण्याने धुतले. आंब्याचा वास पाण्याने जात नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

रात्री सव्वाच्या सुमारास अस्वल आलं. आधी नुसती फुरफुर ऐकू आली, मग पलीकडच्या सागातून काळा गोळा सरकत पाण्यावर उतरला. त्याने पाणी प्यायलं. मान वर केली. पांढुरकं तोंड चांदण्यात स्पष्ट दिसत होतं. ते तोंड त्याने दोनदा हवेत फिरवलं आणि मग इकडे तिकडे न बघता ते सरळ आमच्याकडे चालत आलं. त्याने शोध असा घेतलाच नाही. पत्ता माहीत असल्यासारखं ते आलं, मागच्या पायांवर उभं राहिलं आणि एका ओढीत पिशवी फाडली.

पुढची वीस मिनिटं खालून फक्त ओढून पिण्याचा, भुरकण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला आणि शिडी हलली. दोन्ही पुढचे पंजे तिसऱ्या पायरीवर होते. खालचं संपलं होतं आणि वरून अजून वास येत होता. भाच्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की त्याच्या बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीही होते. वनमजुरांनी न ओरडता, ठाम आवाजात बोलायला सुरुवात केली आणि काठीने स्टीलचं ताट वाजवलं. अस्वलाने आणखी एक पायरी चढून पाहिली. ताट वाजतच राहिलं. मग ते हुंकारून खाली उतरलं आणि झुडपात गेलं. पहाटेपर्यंत आम्ही तिघंही एक शब्द बोललो नाही.

सकाळी खाली उतरलो. आंब्याच्या कोयी धुऊन ठेवल्यासारख्या पांढऱ्या पडलेल्या. लाडवांच्या स्टीलच्या डब्याचं झाकण चेपून उघडलेलं आणि त्यावर नखांच्या चार समांतर रेघा. लोणच्याची बाटली फुटून काच पाण्याच्या काठापर्यंत उडाली होती. वनमजूर उकिडवे बसले आणि ती काच एकेक करून गमछ्यात वेचू लागले. आम्हीही बसलो. अर्धा तास वेचत होतो. मध्येच ते म्हणाले, ‘तुमचं खाणं गेलं त्याचं काई नाई साहेब. पण आता त्याले हे शिडी वयखीची झाली.’

त्या वाक्याचा अर्थ मला दिवाळीत कळला. त्या भागात पुन्हा गेलो तेव्हा ते भेटले. जूनमध्ये पाणवठ्यापासून दोनेक किलोमीटरवरच्या त्यांच्या कुटीचं दार एका अस्वलाने ढकलून मोडलं होतं. तेलाचा डबा, साखर, चार माणसांचं आठवड्याचं पीठ, सगळं गेलं. गस्तीवरून परतणारा एक तरुण वनमजूर नेमका दारातच त्याच्यासमोर आला. खांद्याला नखं लागली, टाके पडले, जीव वाचला. हे तेच अस्वल होतं असं कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. पण माझ्यापुरता निवाडा मी त्याच दिवशी केला. आंबे खाऊन मी नागपूरला परत आलो होतो. ती माणसं तिथेच पायी फिरत होती.

म्हणून हे लिहितो आहे.

आपल्याकडचं अस्वल हे मुळात वाळवी खाणारं जनावर. त्याच्या वरच्या जबड्यात मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी जोराने ओढून घेतं. धूळ जाऊ नये म्हणून त्याला नाकपुड्या मिटता येतात. त्याचा भुरकण्याचा आवाज शांत रात्री शंभर मीटरवरही ऐकू येतो. नजर आणि कान बेताचे, पण नाक असं की मातीखालची वाळवी त्याला वासावरून कळते. मग शिडीला टांगलेले आंबे त्याला का कळू नयेत? नखं बोटभर लांब, दगडासारखं वारूळ फोडणारी. झाडावरही चढतं, मधाच्या पोळ्यासाठी तर खूप वरपर्यंत. ही सगळी माहिती मला त्या रात्रीच्या आधीही होती. शिदोरी बांधताना ती आठवली नाही, चूक तिथे झाली.

माझ्या पिढीच्या मनात अस्वल म्हणजे दरवेशाचं अस्वल. आमच्या गल्लीत ते यायचं, नाकात वेसण, दोरीला बांधलेलं. बायका त्याच्या केसांचा ताईत मुलांच्या गळ्यात बांधत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो खेळ बेकायदा ठरला, तरी पुरता बंद व्हायला २००९ साल उजाडलं. किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधला भालूही आपल्या शेजारचाच, सिवनीच्या जंगलातला. नागपूरपासून ते सव्वाशे किलोमीटर. अशी दोन गरीब अस्वलं डोक्यात घेऊन आपण जंगलात जातो आणि तिसरं, खरं अस्वल समोर आलं की गोंधळतो. पाळण्यातल्या मुलांच्या गोष्टीतून ती गरीब अस्वलं काढून टाका असं मी म्हणत नाही. जंगलात जाताना मात्र ती घरी ठेवा.

आता शिदोरीविषयी. जंगलात मुक्काम असेल तर काय न्यायचं याचा निकष चव नव्हे, वास. पिकलेला आंबा, फणस, केळी, गूळ, मध, तुपातले लाडू, लोणचं, सुकी मासळी हे घरी ठेवा. फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, सातूचं पीठ, कोरड्या पोळ्या, मीठ-जिऱ्याची पूड एवढ्यावर दोन दिवस सहज निघतात. आपल्या आज्या शेतावर जाताना हेच बांधून द्यायच्या. खाणं मोजून न्या, एका वेळेचं एका पुडीत. उरलेलं अन्न हीच सगळ्यात मोठी अडचण असते. उरलंच नाही तर ते ठेवायचं कुठे हा प्रश्न येत नाही.

ठेवण्यासाठी क्लिपचा, रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा डबा घ्या. पॉलिथिनची पिशवी वास अडवत नाही, कापडी तर नाहीच. डबा अस्वलाच्या नखांपुढे टिकेल या भरवशावर मात्र राहू नका, माझा टिकला नाही. घट्ट डब्याचं काम वास कमी करणं एवढंच. अमेरिकेत योसेमिटीच्या रानात पायी मुक्कामाला जाणाऱ्यांना अस्वलाला उघडता येणार नाही असं जाड, गोल, गुळगुळीत पिंप बाळगण्याची सक्ती आहे. पंजाला धरायला त्यावर काहीच नसतं. तिथली अस्वलं झाडाला टांगलेल्या पिशव्या उतरवायला शिकली, तेव्हा हा नियम आला. आपल्याकडे ही पिंपं सहज मिळत नाहीत. म्हणून आपल्याकडचा उपाय साधा: अन्न बंद गाडीत किंवा पक्क्या दाराच्या खोलीत, माणसांपासून वेगळं. मचाणावर असाल तर डबा वर, तुमच्या हाताशी, आणि अंधार पडण्याआधी जेवण उरकलेलं. झाडाच्या खोडाला किंवा शिडीला पिशवी बांधणं म्हणजे त्याच्यासाठी ताट वाढून ठेवणं.

मे-जूनमध्ये विदर्भातली कितीतरी मुलं हिमाचल-उत्तराखंडात ट्रेकला जातात. तिथे काळं हिमालयी अस्वल असतं आणि मुक्काम तंबूत असतो. तंबूत बिस्किटाचा पुडाही ठेवू नका. स्वयंपाक आणि झोपणं यांत निदान शंभर पावलांचं अंतर ठेवा. स्वयंपाक करताना अंगावर असलेले कपडे बदलून झोपा. आणि एक गोष्ट हमखास विसरते: टूथपेस्ट, सुवासिक तेल, साबण, खोकल्याचं गोड औषध, मुलांच्या खिशातली चॉकलेटं. आपल्याला ते खाणं वाटत नाही, अस्वलाला वाटतं. हे सगळं अन्नाच्या डब्यातच गेलं पाहिजे.

उष्टं-खरकटं पुरू नका. पुरलेलं उकरणं हा त्याचा रोजचा धंदा आहे. जाळूही नका. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्या जंगलांतला वणव्याचा काळ, त्यात काडी ओढणंही गुन्हा समजा. साली, कोयी, खरकटं, भांडी पुसलेला कागद, सगळं डब्यात भरून गावापर्यंत परत आणा. पाणवठ्यावर भांडी घासू नका.

श्रावणात पचमढीला नागद्वारच्या यात्रेला नागपूर-अमरावतीकडून हजारो माणसं पायी डोंगर चढतात. वाटेत भंडारे असतात, पत्रावळी असतात. ते सातपुड्याचं रान आहे, अस्वलांचं घर आहे. देवाच्या नावाने वाढलेलं अन्न रानात टाकून येऊ नये, एवढी हात जोडून विनंती. छत्तीसगडात बागबाहराजवळ घुंचापालीच्या चंडी मंदिरात अस्वलं भाविकांच्या हातून प्रसाद खातात आणि लोक कौतुकाने पाहायला जातात. मला ते कौतुक पटत नाही. माणसाच्या हाताला खाण्याचा वास असतो हे ज्या अस्वलाला कळलं, ते रिकाम्या हाताच्या माणसाकडेही त्याच अपेक्षेने येणार.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली बसून डबा उघडू नका. मोहाची फुलं पहाटे गळतात. वेचणाऱ्या बाया आणि अस्वल एकाच वेळी एकाच झाडाखाली पोचतात, आणि विदर्भातले कितीतरी हल्ले असेच झाले आहेत. त्या वाटांनी जायचंच असेल तर गप्पा मारत, आवाज करत जा, म्हणजे त्याला तुमची चाहूल लागेल. सगळ्यात वाईट गाठ पडते ती अचानक पडते.

आणि तरीही ते समोर आलंच, तर अन्न सोडा. पिशवी ओढत बसू नका, फोटो काढू नका, पळू नका. त्याच्यापेक्षा जोरात कोणी पळू शकत नाही. पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका. अंगावर आलंच तर पालथे पडा, पाठीवरची सॅक तशीच राहू द्या, दोन्ही हातांनी मान झाका आणि चेहरा मातीत दाबा. त्याचा रोख चेहऱ्यावर असतो.

भाचा आता नोकरीला लागला आहे. दरवर्षी मित्रांना घेऊन जंगलात जातो आणि निघायच्या आदल्या रात्री प्रत्येकाची सॅक स्वतः उघडून पाहतो. तुम्ही यंदा बुद्ध पौर्णिमेला मेळघाटात निघाला असाल, तर आंबे परतवाड्यालाच खाऊन घ्या, साली तिथल्याच कचरापेटीत टाका, हात साबणाने कोपरापर्यंत धुवा आणि मगच घाट चढा. सोबतचे वनमजूर काही सांगतील, तर ते एकदाच सांगतील. तेव्हाच ऐका.