काळी भुकटी आणि जमिनीचा कस

चौलच्या एका वाडीवाल्या बंधूंनीं गेल्या पावसाळ्यापूर्वीं आम्हांस विचारलें, "बाजारांत काळ्या भुकटीचा पुडा मिळतो. विकणारा म्हणतो कीं, हा घातला म्हणजे शेणखताची जरूरी नाहीं. मग उकिरडा विकून टाकूं काय?" शेतकरी वाचकांपैकीं पुष्कळांचा हाच प्रश्न असेल, म्हणून त्याचा येथें विचार करूं.

ही भुकटी बहुधा कोळशापासून केलेली असते, हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल. मात्र तो कठीण दगडी कोळसा नव्हे. लक्षावधि वर्षांपूर्वीं गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा जो अर्धाकच्चा तपकिरी कोळसा, त्यास लिग्नाइट म्हणतात. आपल्या देशांत तो तामिळनाडूंतील नेवेली, गुजरातेंतील कच्छ व राजस्थानांतील बारमेर येथें सांपडतो. त्याचा थर पृष्ठभागाजवळ असला म्हणजे हवा लागून तो भुसभुशीत होतो व त्यांतील ह्यूमिक आम्लाचा अंश वाढतो. अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा संस्थानांतील भूगर्भशास्त्रज्ञ ए. जी. लिओनार्ड यांच्यावरून अशा कोळशास लिओनार्डाइट हें नांव पडलें. तो कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यांत विरघळवून, गाळून, वाळवला म्हणजे पोटॅशियम ह्यूमेट होतें. तोच हा पुडा.

शेणखत कुजून मातींत जो काळा अंश उरतो, त्याचेंच हें भावंड. तें पिकाचें अन्न नव्हे, अन्न धरून ठेवणारें भांडें होय. पोटॅश, चुना इत्यादि द्रव्यें त्यास चिकटून राहतात व कोंकणच्या पावसांत लवकर वाहून जात नाहींत. मुळेंहि अधिक फुटतात. 2014 सालीं अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला, त्यांत मुळांचें व पालवीचें वजन सरासरीनें पांचव्या हिश्शाइतकें वाढलेलें दिसलें. तेव्हां ही निव्वळ फसवणूक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्याच हिशेबांत कंपोस्टापासून काढलेलें द्रव्य कोळशाच्या द्रव्याहून सरस ठरलें, हें विक्रेता सांगत नाहीं. सरकारनेंहि 2021 सालीं खत नियंत्रण आदेशांत दुरुस्ती करून ह्यूमिक पदार्थ जैव-उत्तेजक या निराळ्या वर्गांत घातले आहेत.

आतां प्रमाण पाहा. एका एकराच्या वरच्या अर्ध्या फूट मातीचें वजन सुमारें साडेआठ लाख किलो भरतें. तींत शेंकडा एक भाग कुजलेला अंश वाढवावयाचा तर साडेआठ हजार किलो पाहिजे! पुड्यांत असतात दोन किंवा पांच किलो. तो मातीस चेतवील, पण भरणार नाहीं. भरणी करावयाची ती शेण, पातेरा व आळ्यांत कुजवलेल्या झावळ्यांनींच.

खाडीकांठच्या खारवट भातजमिनीसहि हें औषध म्हणून विकलें जातें. तेथें अधिक सावध असावें. मीठ जातें तें पावसाच्या गोड्या पाण्यानें धुऊन, उघाडीवाटे. आणि बांधास खांड पडली असेल तर पुडे ओतून उपयोग काय?

घ्यावयाचाच असेल तर चिमूटभर भुकटी पेलाभर पाण्यांत टाकून पाहावी. चांगली असेल तर सर्व पाणी काळें होतें व तळाशीं फारसें कांहीं राहत नाहीं. नुसती कोळशाची पूड खालीं बसते. मग भरपूर लिंबू पिळावें, म्हणजे ह्यूमिक आम्लाचे तपकिरी गोळे पडूं लागतात. यावरूनच कळेल कीं, ही भुकटी आंबट द्रव्यांत किंवा चुन्याच्या खतांत कालवूं नये.

त्या बंधूंनीं उकिरडा विकला नाहीं. पोफळींच्या चार ओळींस शेणखत व भुकटी, आणि शेजारच्या चार ओळींस नुसतें शेणखत, असें त्यांनीं घातलें आहे. सुपारी उतरवतांना दोन्हींचें वजन वेगळें करणार आहेत.