गोठलेला मध आणि घरगुती ऊबपेटी

थंडी पडली की मधाच्या बरणीत खालून पांढरा रवाळ थर चढू लागतो. गिऱ्हाईक बरणी उलटी करून पाहते आणि म्हणते, "भाई, यात तर साखर आहे!" सच्चा माल विकूनही व्यापारी खोटा ठरतो. मग काही बांधव घाईत मधाचा डबा थेट शेगडीवर ठेवतात. मध पातळ होतो, पण त्याचा अस्सलपणा निघून जातो. कापडाच्या दुकानाला जोडधंदा म्हणून आम्ही मध ठेवतो. अशा जोडधंद्यात उपयोगी पडणाऱ्या एका साध्या हुनराची माहिती येथे देत आहोत.

मध का गोठतो?

मधात मुख्यतः दोन साखरा असतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज पाण्यात कमी विरघळते, म्हणून थंडीत त्याचे कण बनतात. 14 अंश सेल्सिअसच्या आसपास हे काम सर्वांत जलद होते. मोहरी, सूर्यफूल आणि कापसाच्या फुलांचा मध लवकर गोठतो. काश्मीरच्या अकेशियाचा मध बराच काळ पातळ राहतो. तेव्हा गोठणे ही भेसळीची खूण नव्हे आणि पातळ राहणे हा शुद्धतेचा दाखला नव्हे. पाण्यात थेंब टाकणे किंवा वात पेटवून पाहणे, या परीक्षाही भरवशाच्या नाहीत. खरी तपासणी प्रयोगशाळेतच होते.

शेगडी का नको?

मधातून उष्णता फार हळू पसरते. डब्याचा तळ करपतो तेव्हा मधला गोळा थंडच असतो. जास्त तापल्याने मधातील पाचक द्रव्ये नष्ट होतात, वास उडतो, रंग काळवंडतो आणि एचएमएफ नावाचे द्रव्य वाढते. आपल्याकडील अन्न सुरक्षा नियमांत या द्रव्याची मर्यादा किलोमागे 80 मिलिग्रॅम आहे. म्हणजे शेगडीवर उकळलेला मध शुद्ध असूनही तपासणीत नापास होऊ शकतो. मधमाश्यांच्या पोळ्यातच सुमारे 35 अंश ऊब असते. म्हणून 40 अंशांपर्यंतची सावकाश ऊब, हाच सुरक्षित मार्ग होय.

पेटी कशी बनवावी?

1. भंगारातील एकदारी फ्रीज घ्यावा. त्याचा गॅस व कॉम्प्रेसर फ्रीज दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडूनच काढून घ्यावा. दाराचे रबर शाबूत असावे. भिंतीत ऊब धरून ठेवणारा थर आधीच असतो, त्यामुळे वेगळा खर्च येत नाही.

2. तळाशी चिनी मातीच्या होल्डरमध्ये 60 वॅटचे, तारेचे दोन बल्ब बसवावेत. एलईडी बल्ब येथे कामाचा नाही, कारण तो फार कमी तापतो. दोन बल्ब अशासाठी की एक उडाला तरी काम थांबू नये. बल्ब प्लास्टिकच्या भिंतीपासून दूर ठेवावेत. वर पत्र्याची आडोशी बसवावी. गरम काचेवर मधाचा थेंब पडला तर बल्ब तडकतो.

3. बल्बच्या वर साधारण 8 इंचांवर लोखंडी अँगलची जाळी टाकावी. फ्रीजची मूळ फळी 25 किलोच्या बादलीचे ओझे पेलत नाही.

4. एक लहान पंखा, जसा कॉम्प्युटरमध्ये असतो तसा, आत फिरता ठेवावा. नाहीतर वरचा मध तापतो आणि खालचा तसाच राहतो.

5. अंडी उबवण्याच्या पेटीला लावतात तसा थर्मोस्टॅट घ्यावा. त्याची कांडी बल्बच्या डोक्यावर नको, बादलीच्या बाजूला मधल्या उंचीवर असावी. 40 अंशांवर बल्ब बंद आणि 38 वर चालू, असे लावावे.

6. जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. पेटीला अर्थिंग द्यावे, गळती होताच वीज तोडणारा स्विच लावावा, आणि थर्मोस्टॅट अडकला तर वीज बंद करणारा वेगळा कटआउटही बसवावा. दुकानात गाठोडी आणि लाकूड असते. येथे काटकसर करू नये.

पेटी तयार झाली की एक दिवस रिकामी चालवावी. वर आणि खाली थर्मामीटर ठेवून पाहावे. 3-4 अंशांहून जास्त फरक पडला तर पंख्याची जागा बदलावी.

वापर

बादलीचे झाकण लावलेलेच ठेवावे, कारण मध हवेतील ओल ओढून घेतो. ओलावा 20 टक्क्यांच्या वर गेला तर मध आंबण्याची भीती असते. अर्ध्या किलोच्या बरण्या साधारण एका दिवसात आणि 25 किलोची बादली दोन-तीन दिवसांत पातळ होते. मध फार घट्ट असेल तर जास्त वेळ द्यावा, ऊब वाढवू नये. पातळ होताच माल बाहेर काढावा. महिनाभर उबेत ठेवलेला मधही बिघडतो.

गाळण्यासाठी मलमल वापरत असाल तर आमच्या धंद्यातील एक गोष्ट ध्यानात ठेवा. नव्या मलमलीला खळ असते. ती दोन-तीन वेळा गरम पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून मगच वापरावी. सुताचे तंतू मधात येत असतील तर नायलॉनची जाळी उत्तम.

खर्चाचा हिशेब

दोन्ही बल्ब मिळून 120 वॅट. ते निम्मा वेळ चालले असे धरले तर दिवसाला सुमारे दीड युनिट, तीन दिवसांत साडेचार युनिट वीज लागते. युनिटचा दर 10 रुपये धरला तरी 45 रुपये होतात. पेटीत 50 किलो मध असेल तर किलोमागे एक रुपयाही पडत नाही. एका गिऱ्हाइकाचा विश्वास गमावण्यापुढे हा खर्च काय आहे?

शेवटी एक गोष्ट. पेटी भेसळीचा माल खरा करीत नाही. ती फक्त खऱ्या मालाची इज्जत राखते. मध ऊब देऊन पातळ केला असेल तर विचारणाऱ्याला तसे स्पष्ट सांगावे. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, हेही सांगावे. ज्याला गोठलेलाच मध हवा असेल, त्याला तोच द्यावा. खरे बोलून विकलेल्या मालालाच बरकत असते.