मारक्या बैलाचा धनी



जव्हारकडच्या एका वारली दादांना घेऊन मी परळच्या टाटा रुग्णालयात गेलो होतो. गालात आतून मोठी जखम, तोंड दोन बोटेही उघडत नव्हते. नंबर लागायची वाट पाहताना ते म्हणाले, "भाऊ, चूक माझीच. पुडी मीच खाल्ली." मी मान डोलावली. घरी परतताना मला त्या मान डोलावण्याची लाज वाटली.

निर्गमच्या २१ व्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने अचानक माणूस मारला, तर धनी निर्दोष. पण बैल मारका आहे हे धन्याला आधी सांगितलेले असूनही त्याने तो बांधून ठेवला नाही, तर दोष धन्यावरही येतो. म्हणजे विचारायचे प्रश्न दोन. त्याला ठाऊक होते का? आणि ठाऊक झाल्यावर त्याने काय केले?

तंबाखूच्या धन्याला ठाऊक होते. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध १९५० मध्येच संशोधकांनी दाखवला. तरी अमेरिकेतील कंपन्या कित्येक वर्षे तो नाकारत राहिल्या. अखेर १९९८ मध्ये तिथल्या ४६ राज्यांना उपचारांच्या खर्चापोटी अब्जावधी डॉलर द्यायचे त्यांना कबूल करावे लागले.

आपल्याकडे २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली. तरी चोरून आणलेली पुडी टपरीवर मिळतेच. बैल बांधला, पण दोर ढिला.

२०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल झाली. याचिकाकर्त्यांत सुमित्रा पेडणेकर होत्या. त्यांचे पती, माजी मंत्री सतीश पेडणेकर, तोंडाच्या कर्करोगाने गेले. सरकारी विमा कंपन्यांनी लोकांचा पैसा तंबाखू कंपन्यांत का गुंतवावा, हा त्यांचा सवाल. माझीही विम्याची पॉलिसी आहे. म्हणजे बैलाच्या धन्यांत थोडा मीही आलो.

व्यसनमुक्तीचे काम आपण सोडणार नाही. पण आजाऱ्याला "का खाल्लीस?" विचारताना, "ठाऊक असून कोणी विकली?" हेही विचारू या.

विचारासाठी व कृतीसाठी :

१. २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला मनाई आहे. आपल्या आश्रमशाळेच्या फाटकापासून पहिली टपरी किती पावलांवर आहे? मोजा.

२. १८ वर्षांखालील मुलाला तिथे पुडी मिळते का? मिळत असेल तर मुख्याध्यापक व ग्रामसभेपुढे लेखी तक्रार ठेवा.

३. आपली बचत कोणत्या धंद्यात जाते, हे आपण कधी विचारले आहे का?