बाळाला हात लावण्याआधी

बाळंतीण घरी आली की दोन-चार दिवसांत घरातले कोणीतरी दवाखान्यात येऊन विचारते, "डॉक्टर, बाळासाठी हात धुवायचं कोणतं लिक्विड आणू?" माझे उत्तर असते, "घरातला अंघोळीचा साबण चालेल." पुष्कळांना ते पटत नाही.

वाचकहो, जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळाची त्वचा नाजूक असते, बेंबीची जखम ताजी असते आणि रोगप्रतिकारशक्ती अपुरी असते. आपल्या हातावरचे जे जंतू आपल्याला काही करत नाहीत, तेच बाळाच्या रक्तात शिरले तर जिवावर बेतते. यालाच सेप्सिस म्हणतात. कमी दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांना हा धोका अधिक.

काही वर्षांपूर्वी नऊ दिवसांचे एक बाळ माझ्याकडे आणले. आदल्या रात्रीपासून ते अंगावर पीत नव्हते. अंग गार, बेंबीभोवती लाली. पाचवीला घर पाहुण्यांनी भरले होते, बाळ या हातातून त्या हातात फिरले होते आणि बेंबीला हळद-तेल लावले होते. मी लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवले. बाळ वाचले, पण दोन आठवडे सलाईनवर होते. आजी म्हणाल्या, "आम्ही लाडानंच घेतलं हो." त्या लाडाआधी साबण लागला असता, तर कदाचित हे टळले असते.

हात धुण्याचे महत्त्व १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात डॉ. सेमेलवाइस यांनी दाखवून दिले. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले.

कोणता साबण? साधा पुरे. ट्रायक्लोसानसह १९ रसायने असलेल्या घरगुती साबणांवर अमेरिकेत २०१६ साली बंदी आली. ती साध्या साबणापेक्षा सरस असल्याचे कंपन्यांना सिद्ध करता आले नाही. वडी पाण्यात भिजत ठेवू नये. भोके असलेल्या डबीत ठेवावी.

केव्हा धुवावेत? बाळाला घेण्यापूर्वी, पाजण्यापूर्वी, बेंबीला हात लावण्यापूर्वी. शौचाहून आल्यावर, लंगोट बदलल्यावर, शिंकल्या-खोकल्यावर आणि बाहेरून आल्यावर. मालीश करणाऱ्या बाईंनाही हे आदराने सांगावे. त्या एका घरातून दुसऱ्या घरी जात असतात.

कसे धुवावेत? अंगठ्या, बांगड्या काढाव्यात, नखे कापलेली असावीत. तळवे, हातांच्या पाठी, बोटांच्या फटी, अंगठे आणि नखे चोळावीत. एकूण ४० ते ६० सेकंद लागतात. नळ नसेल तर दुसऱ्याने तांब्याने पाणी घालावे. बादलीत हात बुडवू नयेत. धुतलेले हात पदराला पुसू नयेत, स्वच्छ कोरडे फडके वापरावे.

सॅनिटायझर चालेल का? हात दिसायला स्वच्छ असतील तर चालेल. बाटलीवर अल्कोहोल किमान ६० टक्के लिहिलेले पाहावे आणि हात पूर्ण कोरडे होईपर्यंत चोळावेत. तेलकट, मळलेल्या हातांना साबणच हवा. सॅनिटायझर पेट घेते, म्हणून शेक-शेगडी किंवा धुरीजवळ ते वापरू नये. बाळाच्या अंगाला किंवा बेंबीला ते कधीही लावू नये. बेंबी कोरडी ठेवावी. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज तिला काहीच लावू नये.

धोक्याची चिन्हे: बाळ पीत नाही, मलूल पडते, अंग तापते किंवा गार पडते, श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक होतो, छाती आत ओढली जाते, झटके येतात, बेंबीतून पू येतो. यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि बाळाला छातीशी ऊबदार धरून रुग्णालय गाठा.

बारशाला येणाऱ्यांसाठी दाराशी पाणी, साबण आणि फडके ठेवा. पाहुणे रागावणार नाहीत.