भिंतींतला आरपार दगड

आपल्या भागांतील दगडी घराची भिंत हातभर किंवा त्याहून अधिक रुंद असते, म्हणून ती भक्कम असा आपणां सर्वांचा समज. आम्हीहि तसेंच मानीत होतों. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपतीचें विसर्जन आटोपून गांव निजलें असतां, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीस भूकंप झाला. त्या परिसरांत सुमारें ८ हजार माणसें प्राणांस मुकलीं. बहुतेक आपल्याच घराच्या भिंतींखालीं व माळवदाखालीं.

त्या भिंतींची रचना नीट समजून घ्या. बाहेर एक थर, आंत एक थर, आणि मध्यें गोट्यांची व मातीची भर. दिसावयास भिंत एक. खरें पाहतां त्या दोन, पाठीस पाठ लावून उभ्या. हादरा बसतांच बाहेरची बाहेर फुगते, आंतली आंत ढांसळते. त्यांतच, पावसांत गळूं नये म्हणून माळवदावर वर्षानुवर्षें चढविलेल्या मातीचा भार.

ह्यावरील उपाय गवंडीकामांतीलच आहे. भिंतीच्या रुंदीइतका लांब दगड आरपार बसवावयाचा. उभ्यानें दर दोन फुटांस, आडव्यानें दर चार फुटांस एक. कोपऱ्यांतहि लांब दगड आळीपाळीनें दोन्ही भिंतींत गुंतवावयाचे. परंतु लांब दगड घडविण्यास वेळ लागतो, मजुरी पडते, आणि तो वगळला तरी बाहेरून कोणास कळत नाहीं!

सुतारकीचेंहि ऐका. ज्या घरांत लांकडी खांब व तुळयांचे खण होते, त्यांपैकीं कित्येकांत भिंती पडल्या तरी माळवद खांबांवर तोललें गेलें व खालचीं माणसें वाचलीं.

पालक विचारतात, वडिलोपार्जित घर पाडून सिमेंटचें बांधावें काय? आमच्या मतें, आधीं जुनी भिंत तपासावी. भूकंपानंतर ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. पण इतरत्र उभीं राहिलेलीं घरें बळकट करण्याची रीतहि गवंड्यांस शिकविण्यांत आली. भिंतींत ठरावीक अंतरावर एकेक दगड काढून आरपार भोंक करावयाचें, त्यांत दोन्ही टोकांस वांकविलेली लोखंडी सळई ठेवून काँक्रीट भरावयाचें, आणि तें वाळूं न देतां कांहीं दिवस पाणी घालावयाचें. माळवदावरील जादा मातीहि उतरवावयाची.

मात्र दगड काढतांना पहारेचे घाव घालूं नयेत. हलक्या हातानें सैल करून काढावा. भिंत हादरली तर आंतली भर सुटून खालीं बसते, आणि फुगवटा तेथूनच सुरू होतो.